आईचा चौथा उद्गार

मार्च आला की भोपाळची झाडं एकाएकी उघडी पडतात. मिसरोदला आमच्या कॉलनीच्या फाटकाशी एक पिंपळ आहे, तो चार दिवसांत सगळा गळून मोकळा होतो, आणि सकाळी झाडणारीच्या खराट्याखाली वाळकी पानं खरखरत राहतात. होशंगाबाद रोडच्या पलीकडे, जिथे अजून थोडी शेतं शिल्लक आहेत, तिथे पळस फुललेला दिसतो. करोंदच्या मंडीतून नवा गहू घरोघर येतो आणि गच्च्यांवर चादरी पसरल्या जातात. खालच्या मजल्यावरची मुलगी बारावीला आहे. ती येरझारा घालत पाठ करते, आणि तिची आई सगळ्यांना ‘श्श, पेपर आहे’ म्हणून सांगत फिरते.

आमच्या ख्रिस्ती घरांत हेच दिवस ईस्टरच्या आधीच्या उपवासाचे. इथल्या हिंदी मंडळीत या दिवसांना ‘दुःखभोग का समय’ म्हणतात. लहानपणी मला ते शब्द फार मोठे वाटायचे. दुःखभोग म्हणजे आमच्यासाठी एवढंच, की घरात मटण नाही, लग्नं नाहीत, आणि दर बुधवारी कुणाच्या तरी क्वार्टरमध्ये प्रार्थनासभा. सभेनंतर चहा आणि खारे शेंगदाणे. शेंगदाण्यांसाठी आम्ही मुलं डोळे मिटून बसायचो.

मग एका वर्षी पानगळ, बारावीची परीक्षा आणि दुःखभोगाचे दिवस माझ्या मनात एकमेकांत असे काही गुंतले की अजून सुटलेले नाहीत. आता साठीला टेकले, तरी वाळक्या पानांचा वास आला की मला भौतिकशास्त्राची सूत्रं आठवतात आणि आईचा गळा आठवतो.

आम्ही तेव्हा कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. बाबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातून टर्नर म्हणून इथे आले आणि फोरमन म्हणून निवृत्त झाले. दोन खोल्यांचं क्वार्टर, पुढे पेरूचं झाड, मागे तारेचं कुंपण. सगळी घरं एकसारखी पिवळी. गल्लीत मल्याळी, बंगाली, पंजाबी, आणि आमच्या भिंतीला भिंत लागून उज्जैनचे मुळे. भोंगा वाजला की सायकलींची एक नदी कारखान्याकडे वाहायची आणि दुसरा भोंगा वाजला की तीच उलटी यायची. आवाजांवर चालणारं गाव होतं ते. आणि त्या गावात आईचा आवाज सगळ्यांना माहीत होता.

आई, करुणा साळवे, टाउनशिपच्या शाळेत तिसरीला शिकवायची. माइक नादुरुस्त असला तर मैदानावरच्या प्रार्थनेला तिला उभं करत. चर्चमध्ये गाणं तीच उचलायची. पेटी वाजवणारे गृहस्थ रात्रपाळीला असले की आमचे पादरीसाहेब म्हणायचे, “कोई बात नहीं, साल्वे मैडम हैं न।” आई उभी राहायची, पदर नीट करायची, क्षणभर खाली बघायची आणि सुरू करायची. सुरुवातीला आवाज जमिनीलगत असायचा. दुसऱ्या कडव्याला तो छताला जाऊन भिडायचा आणि बाकीचे त्याला धरून वर चढायचे. संध्याकाळी ती फाटकातून मला हाक मारायची तेव्हा गल्लीतली सगळीच मुलं आपापल्या घरी पळायची.

त्या वर्षी दिवाळीच्या सुमारास तिच्या गळ्यात गाठ दिसली. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि समोर बसवून स्पष्ट सांगितलं. गाठ चांगली नाही, काढावीच लागेल. पण ती आवाजाच्या नसेला वेढून बसली आहे. गाठ काढायची तर नसही जाईल.

“बोलू शकेन?” आईने हिंदीत विचारलं.

“थोडंफार. कुजबुजल्यासारखं.”

“आणि गाणं?”

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. त्यांनाही ते जड जात होतं. बाबा खिडकीकडे बघत होते. आई म्हणाली, “ठीक है।” बाजारात भाजीचा भाव ठरवल्यासारखं म्हणाली आणि उठली.

शस्त्रक्रिया झाली. गाठ पूर्ण निघाली. पुढचे रिपोर्ट चांगले आले आणि सगळी टाउनशिप आनंदली. जीव वाचला. चर्चमध्ये उपकारस्तुती झाली. तरी नाताळात जेव्हा आमचं गाणारं टोळकं घरोघर फिरत आमच्या फाटकाशी आलं आणि आई झोपली असेल म्हणून हलक्या आवाजात गाऊ लागलं, तेव्हा आईने कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. मी तिच्या पायांशी बसले होते. तिची पाठ मला दिसत होती. त्या पाठीवरून मला कळलं की जीव वाचला हे खरं आहे, आणि जे गेलं तेही तितकंच खरं आहे. पण पहिल्या गोष्टीबद्दल बोलायला सगळे तयार होते. दुसरीबद्दल कुणालाच बोलायचं नव्हतं.

घर शांत झालं. प्रेशर कुकरची शिट्टी दचकवायला लागली. आईला पाणीसुद्धा हनुवटी खाली दाबून, घोट घोट प्यावं लागायचं, नाहीतर ठसका लागायचा. बोलायची ते नुसत्या वाऱ्यासारखं, आणि दोन वाक्यांत दमायची. बाबांनी तिच्यासाठी बाजारातून एक पितळी घंटी आणली. काही हवं असलं तर वाजव म्हणाले. आईने ती हातात घेऊन बघितली.

“मी काय गाय आहे?” ती कुजबुजली.

बाबांनी घंटी कपाटावर ठेवली. बिचारे. लोखंडाचा कसलाही तुकडा त्यांना जुळवता यायचा, पण हे कसं जुळवायचं ते त्यांना कळत नव्हतं.

फेब्रुवारी संपता संपता उपवासाचे दिवस लागले आणि एका बुधवारची सभा आमच्या घरी आली. खोलीत चटया घातल्या. मी गच्चीवरून अभ्यास सोडून खाली आले. मुळे काकू मागच्या दाराने चहाला मदत करायला आल्या होत्या. त्या आमच्या सभेत कधी बसायच्या नाहीत, पण आमचं घर भरलं की त्यांच्या शेगडीवरही आपोआप पातेलं चढायचं.

गाणं दुसऱ्या कुणी सुरू केलं. ते फार खाली लागलं. प्रार्थना झाली. मग एकेक जण धीराचं बोलू लागले. एक म्हणाले, देव ज्याच्यावर प्रीती करतो त्याला तावून सुलाखून घेतो, सोनाराच्या मुशीत सोनं घालतात तसं. दुसरे म्हणाले, यात काहीतरी मोठी योजना असणार, पुढे समजेल. आई मान डोलवत होती. तेवढ्यात एक बाई, मनाने वाईट नव्हत्या त्या, अगदी मायेने म्हणाल्या, “बहनजी, कभी-कभी आवाज़ का घमंड भी हो जाता है न आदमी को। प्रभु उसी को तोड़ता है।”

आई उठून आत गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला धरून उभी होती.

“होता गर्व,” ती म्हणाली. मला कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. “होताच मला. देवानंच दिला होता ना आवाज? मग गर्व नको होता करायला? आणि देव सोनार आहे म्हणे. मी काय दागिना आहे?”

तिला पुढे बोलता येईना. ठसका लागला. मुळे काकूंनी गॅस बंद केला आणि तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, “वहिनी, असे लोक तुमच्यात पण असतात होय? मला वाटायचं आमच्याकडेच. माझा छोटा गेला न, तेव्हा मला पण सांगून गेले होते सगळे, मागच्या जन्मीचं काही असेल. मी म्हटलं, अरे, मागच्या जन्मीचं मागच्या जन्मी बघून घ्यायचं न! ह्या पोराने काय बिघाडलं होतं?”

काकूंचा एक मुलगा लहानपणीच तापाने गेला होता हे आम्हाला माहीत होतं. पण त्या कधी त्याच्याबद्दल बोलल्या नव्हत्या. आईने वळून त्यांच्याकडे बघितलं आणि त्यांचा हात धरला. बाहेर शेवटची प्रार्थना सुरू होती. आत चहा निवत होता. दोघी तशाच उभ्या राहिल्या, आणि मी शेंगदाणे घेऊन बाहेर गेले, कारण कुणीतरी जायला हवं होतं.

गेल्या बुधवारीच, आमच्या इथल्या एका सभेत, ही स्वयंपाकघरातली दोघींची जोडी पुन्हा माझ्या डोळ्यांसमोर आली. एक तरुण मुलगी आली होती. तिचं बाळ पोटातच गेलं होतं. सभेत एक जण समजावू लागले, की देवबाप्पाला फुलं लागतात, तो उमलायच्या आधीची कळी खुडतो. मी माझी जागा सोडून तिच्याशेजारी जाऊन बसले. थोड्या वेळाने तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं. दुःखाला कारण चिकटवायची माणसाला एवढी घाई का असते? मला वाटतं, कारण सापडलं की आपल्याला तिथून उठून जाता येतं. कारण नसेल तर बसून राहावं लागतं.

त्या सभेनंतर आई चर्चला यायची बंद झाली. रविवारी सकाळी ती गच्चीवर गहू निवडत बसायची. बाबा कपडे घालून तयार व्हायचे, दारात थोडं थांबायचे, आणि मग मला घेऊन निघायचे. त्यांनी तिला एकदाही आग्रह केला नाही. वाटेत म्हणायचे, “तिची आणि देवाची बोलाचाली बंद आहे सध्या. आपण मध्ये पडायचं नाही.” नवरा-बायकोच्या भांडणाबद्दल बोलावं तसं म्हणायचे.

एका दुपारी पादरीसाहेब त्यांच्या जुन्या लूना मोपेडवर घरी आले. छत्तीसगढकडचे होते ते, उंच आणि वाळलेले, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. आईला वाटलं, चर्चला का येत नाही म्हणून विचारायला आले. त्यांनी विचारलं नाही. चहा घेतला, पेरूच्या झाडाची चौकशी केली, मला पेपर कसे जाताहेत विचारलं. मग कप खाली ठेवून म्हणाले, “मैडम, शुभ शुक्रवार को चौथा वचन आप लीजिए।”

शुभ शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, दुपारी आमच्याकडे मोठी उपासना असते. वधस्तंभावरून प्रभू येशूने जे सात उद्गार काढले, त्यांतला एकेक घेऊन मंडळीतले सात जण बोलतात. चौथा उद्गार सगळ्यांत अवघड: माझ्या देवा, माझ्या देवा, तू मला का सोडलंस? तो दरवर्षी एक विद्वान इंजिनियर घ्यायचे आणि पुष्कळ वेळ त्याचा अर्थ उलगडायचे.

आई त्यांच्याकडे बघतच राहिली. “कैसे बोलूँ?” तिने गळ्यावरच्या व्रणाकडे बोट दाखवलं.

“जितना है, उतने से।”

“मी रागावलेय देवावर,” ती हिंदीत म्हणाली. “मला तिथे उभं राहून खोटं बोलता येणार नाही.”

“बाकी छह के लिए मेरे पास लोग हैं,” पादरीसाहेब म्हणाले. “इसके लिए मुझे कोई ऐसा चाहिए जो सचमुच पूछ रहा हो।”

ते गेल्यावर बाबा भडकले. मी त्यांना क्वचितच इतकं चिडलेलं पाहिलंय. “चारचौघांत तिला उभी करायची? आणि ऐकू तरी कुणाला जाणार? लोक कीव करतील. मला नाही चालणार.” आईने त्यांना बोलू दिलं. मग हाताने त्यांना जवळ बोलावलं आणि त्यांच्या कानात काहीतरी म्हणाली. बाबांचा राग तिथेच उतरला. ती काय म्हणाली ते मला पुष्कळ वर्षांनी बाबांनी सांगितलं. ती म्हणाली होती, “इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणीतरी माझ्याकडे काहीतरी मागितलंय.”

शुभ शुक्रवारच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारी ती घरीच राहिली. आम्ही नेहमीप्रमाणे खजुरीच्या फांद्या घेऊन चर्चला फेरी मारून आलो. भोपाळात नारळाच्या झावळ्या कुठून आणणार? खजुरीची पानं टोचतात, बोटं ओरबाडली जातात. त्या आठवड्यात माझा शेवटचा पेपर झाला. मी पुस्तकं बांधून पलंगाखाली ढकलली आणि मला एकदम मोकळं आणि भयंकर वाटायला लागलं. अभ्यास होता तोवर आईच्या शुक्रवारचा विचार टाळता येत होता.

चर्चचा माइक तिने एकदा आजमावून बघितला. त्यातून नुसता वारा आला, फस्स. तिने तो बाजूला सारला.

शुभ शुक्रवारच्या दुपारी लू, उन्हाळ्याचा तो भाजणारा वारा, वाहत होती. रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. चर्च भरलेलं, बायका पांढऱ्या साड्यांत, लांब दांड्यांचे पंखे डोक्यावर घरघरत, खिडक्यांना ओल्या चादरी टांगलेल्या. पहिले तीन उद्गार झाले. मुळे काकू अगदी मागे, दारापाशी बसल्या होत्या. चर्चमध्ये मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते.

पादरीसाहेब उठले. आईचं नाव न घेता म्हणाले, “पंखे बंद कर दीजिए।”

एकेक पंखा थांबत गेला. घरघर उतरत उतरत संपली. इतकी शांतता त्या इमारतीत मी कधी ऐकली नव्हती. बाहेर लूने हलणाऱ्या पत्र्याचा आवाज येत होता. आई पुढे गेली. सवयीने पदर नीट केला, क्षणभर खाली बघितलं. पुढे काय यायचं ते माझ्या कानांना पाठ होतं, आणि ते येणार नव्हतं.

ती हिंदीत बोलली. मला मात्र ते आता मराठीतच आठवतं, घरातल्या शब्दांत.

“या वाक्याचा अर्थ मला माहीत नाही,” ती म्हणाली. सगळी मंडळी नकळत पुढे झुकली. “पूर्वी वाटायचं, माहीत आहे. हिवाळाभर मी हे वाक्य रोज वाचलं. त्यात लिहिलंय, तो मोठ्याने ओरडला. मोठ्याने. मला त्याचा हेवा वाटला.”

ती थांबली. हनुवटी खाली करून पाण्याचा एक घोट घेतला.

“मलाही ओरडायचं होतं. दवाखान्यात, घरी. तोंड उघडायचे, तर नुसती हवा. मुकं माणूस देवाशी भांडणार कसं? मग एक दिवस मला वाटलं, तो ओरडला ते त्याच्या एकट्याचं नसेल. ज्यांना ओरडता येत नाही त्यांचंही त्याने ओरडून घेतलं असेल. माझंही त्यात आहे. माझ्या शेजारणीचंही आहे.” तिने दाराकडे बघितलं नाही. “मग मला माझा आवाज सापडल्यासारखा झाला. गळ्यात नाही. तिथे, त्याच्यापाशी.”

पुन्हा थांबली. तिच्या कपाळावरून घाम ओघळत होता. सगळ्यांच्याच ओघळत होता.

“त्याला उत्तर आलं नाही. त्या दुपारी तरी आलं नाही. पण बघा, देव सापडत नाही तेव्हाही तो ‘माझ्या देवा’ म्हणतो. ‘माझ्या’ म्हणतो. मी अजून तेवढ्यापर्यंतच आलेय. ‘माझ्या’पर्यंत. पुढचं मला येत नाही.”

आणि ती येऊन आमच्या बाकावर बसली.

दर उद्गारानंतर एक गाणं असायचं. पेटीवाले गृहस्थ रुमालाने डोळे पुसत होते, त्यांना सुचेना. वर्षानुवर्षं गाणं आईनेच उचललेलं, त्यामुळे सगळे आईच्या दिशेला बघत होते. एवढ्यात माझ्या शेजारून एक भलताच आवाज आला. बाबा. जन्मात कधी एकटे गायले नव्हते. ताल नाही, सूर तर कुठल्या कुठे. उभे राहून, समोरच्या बाकाची कड घट्ट धरून, ते गात होते. पहिली ओळ ते एकटेच गायले. दुसरीला मंडळी उठली. मी आईकडे बघितलं. तिचे ओठ हलत होते. ती बाबांच्या बेसूर आवाजावर गात होती.

पंखे सुरू करायचं कुणालाच सुचलं नाही. उरलेले तीन उद्गार आम्ही तसेच घामाने भिजत ऐकले.

ईस्टरला काही चमत्कार झाला नाही. पहाटे आम्ही सगळे कबरस्तानात जमलो, मेणबत्त्या लावल्या, सूर्य उगवला. आईचा आवाज होता तसाच होता. तो शेवटपर्यंत तसाच राहिला. थोडी धार आली त्याला, इतकंच. पण त्या दिवशी तिने सगळ्यांच्या घरी फराळाला जायचं कबूल केलं, आणि येताना मुळे काकूंसाठी केकचा मोठा तुकडा बांधून आणला.

मग सिस्टर एलियाम्मा आल्या. त्या दवाखान्यात परिचारिका होत्या आणि शुक्रवारी चर्चमध्ये होत्या. म्हणाल्या, “वार्डात एक बाई आहे. ऑपरेशन झालं तेव्हापासून कुणाशी बोलत नाही. तुम्ही येणार?”

आई गेली. पहिल्या दिवशी दोघी नुसत्याच बसल्या. आई फार बोलू शकत नव्हती आणि त्या बाईला बोलायचं नव्हतं, तेव्हा कुणाचीच अडचण झाली नाही. पुढच्या खेपेला ती बाई बोलली. मग इतकं बोलली की आईला उठू देईना. त्यानंतर आईचा तो नेमच झाला. लोक तिच्याशी जे बोलायचे ते दुसऱ्या कुणाशी बोलत नसत. एकदा मी तिला विचारलं, ते असं का? “मी मध्ये बोलत नाही ना,” ती म्हणाली आणि हसली.

पुढे बँकेतली नोकरी लागल्यावर, एका सुट्टीत हबीबगंज स्टेशनवरून घरी येताना, मी मनात एक छानसं वाक्य जुळवून आणलं होतं. रात्रीची जेवणं व्हायच्या आधी आम्ही पेरूच्या झाडाखाली बसलो होतो. मी म्हटलं, “आई, कदाचित म्हणूनच देवाने तुझा आवाज घेतला असेल. या लोकांसाठी.”

ती एकदम गंभीर झाली. “असं कुणाला म्हणू नकोस,” ती म्हणाली. “मलाही नको. आवाज गेला ते वाईटच झालं. मला अजून स्वप्नात गाता येतं आणि जाग आली की रडू येतं. देवाने तो काही विकून त्याबदली हे घेतलं नाही. तो तसला व्यापारी नाही.”

“मग?”

“मग काय! गाठ का झाली, मला माहीत नाही. देवापाशी गेले की पहिलं तेच विचारणार आहे. पण जिथे माझं सगळं संपलं असं वाटलं, तिथे बघितलं तर तो आधीच येऊन बसला होता. जखमा घेऊन. तेव्हापासून मला त्या जागेची भीती वाटत नाही. दुसरं कुणी तिथे पडलं असेल तर मी जाऊन बसू शकते. रस्ता ठाऊक आहे.”

एवढं बोलून ती दमली. दुःखाचा अर्थ या विषयावर त्यानंतर मी पुष्कळ ऐकलं, थोडंफार वाचलं. आई गेली तेव्हा, आणि पुढे बाबा गेले तेव्हा, मला त्यातलं काहीच उपयोगी पडलं नाही. ‘रस्ता ठाऊक आहे’ एवढं मात्र उपयोगी पडलं.

पण मला त्या वर्षातली जी गोष्ट सगळ्यांत आवडते, ती अजून सांगायचीच राहिली. ती जुलैमधली.

शाळा उघडायची वेळ आली, तेव्हा मुख्याध्यापिका बाईंनी आईला ऑफिसातलं हलकं काम देऊ केलं. तिच्या भल्यासाठीच. तिसरीचा वर्ग म्हणजे माकडांचा कळप, आवाजाविना तो कसा सांभाळायचा? आई म्हणाली, एक आठवडा बघू द्या. बाबांनी पुन्हा विरोध करायला तोंड उघडलं आणि मिटलं. तेवढं ते शिकले होते.

पहिल्या दिवशी ती परत आली तेव्हा तिचे डोळे चमकत होते. तिने चपला काढल्या, मोरीत हातपाय धुतले, चहा होईपर्यंत आम्हाला ताटकळत ठेवलं आणि मग सांगितलं. वर्गात गेली तेव्हा नुसता गोंधळ. ती फळ्यापाशी उभी राहिली आणि आपल्या आहे त्या आवाजात म्हणाली, “बच्चों, आज हम पहाड़े बोलेंगे।” पुढच्या बाकावरच्यांना ते ऐकू गेलं. त्यांनी मागच्यांना कुजबुजून सांगितलं, मागच्यांनी त्यांच्या मागच्यांना. मॅडम हळू बोलतात तर आपणही हळू बोलायचं असतं, असं मुलांनी आपसांत ठरवूनच टाकलं. आईने दोनचा पाढा सुरू केला आणि सगळा वर्ग तिच्याच आवाजात, नुसत्या श्वासाने, तो म्हणू लागला.

बाहेरून जाणाऱ्या मुख्याध्यापिकांना वाटलं, वर्ग रिकामा आहे, साल्वे मैडम बहुतेक घरी गेल्या. त्यांनी काळजीने दार ढकललं. आत वर्ग खच्चून भरलेला, आणि सगळी पोरं डोलत डोलत, डोळे विस्फारून, जगातलं मोठं गुपित सांगितल्यासारखी पाढे म्हणत होती. एका मुलीने ओठांवर बोट ठेवून मुख्याध्यापिकांनाच गप्प केलं.

“मग त्या काय म्हणाल्या?” बाबांनी विचारलं.

“त्याही कुजबुजल्या,” आई म्हणाली. “म्हणाल्या, ‘सॉरी, सॉरी।’ आणि दार हळूच लावून गेल्या.”

सांगता सांगता तिला हसू फुटलं. आवाज नव्हता त्या हसण्याला. खांदे गदागदा हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, एका हाताने तिने गळा धरला होता आणि दुसऱ्या हाताने बाबांचा दंड. बाबा खो खो हसत होते. त्यांचं हसणं ऐकून मुळे काकू कुंपणापाशी आल्या आणि विचारू लागल्या, “काय झालं हो? मला पण सांगा न!” आईने त्यांना हाताने आत बोलावलं, आणि सगळी गोष्ट पहिल्यापासून पुन्हा सांगायला घेतली.